त्याची मीटिंग, तिची मीटिंग

आमच्या महिला मंडळाचं सल्ला केंद्र दर गुरुवारी दुपारी उघडं असतं. केंद्र म्हणजे काय, तर एक लहानशी खोली, एक टेबल, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि माझी पत्त्यांची वही. मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात एक बाई छत्री मिटवत दारातच उभी राहिली. पस्तिशीची असेल. ताई, ती दारू सोडायची मीटिंग कुठे भरते तेवढं सांगा, म्हणाली. माझ्या वहीत पत्ता होताच. वार, वेळ, जागा, सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी पर्समध्ये ठेवून ती गेली. मलाही बरं वाटलं, चला, एक काम हातावेगळं झालं!

दीड महिन्यानं ती परत आली. या वेळी खुर्चीवर बसली. नवरा दोनदा मीटिंगला गेला होता. मग म्हणाला, तिथले लोक पार वाया गेलेले आहेत, मी काय तसला आहे का? झालं, जाणं बंद. पण हिनं प्रयत्न सोडले नाहीत. मीटिंगच्या दिवशी त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवायची, दिराला सोबत पाठवायची. एकदा तर स्वतः रिक्षानं त्याला हॉलपर्यंत सोडलं आणि दीड तास बाहेर पायरीवर बसून राहिली. मीटिंग सुटली, सगळे बाहेर आले, पण हा काही आलाच नाही. मागच्या दारानं केव्हाच सटकला होता! हे सांगताना ती आधी हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी तिला चहा दिला, पाठीवर हात ठेवला. पण मन खाऊ लागलं. नवऱ्यासाठी माझ्याकडे पत्ता होता. पायरीवर दीड तास बसलेल्या या बाईसाठी माझ्या वहीत काय होतं? काहीच नव्हतं. कारण तिच्यासाठी मी कधी काही शोधलंच नव्हतं. दारू तो पितो ना, मग मीटिंग त्याचीच, असं मीही धरून चालले होते.

त्या रात्री मला लोइस विल्सन आठवली. व्यसनमुक्तीच्या एका शिबिरात काही वर्षांपूर्वी तिची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली होती. तेव्हा नुसती ऐकली. कळली मात्र त्या रात्री. मैत्रिणींनो, म्हणून आज तुम्हाला तिच्याबद्दल सांगावंसं वाटतंय.

लोइस अमेरिकेतली. ४ मार्च १८९१ रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला डॉक्टर क्लार्क बर्नहॅम यांच्या घरी तिचा जन्म झाला. सहा भावंडांत ती थोरली. घर सुखवस्तू, मोठं. उन्हाळ्यात सगळं कुटुंब व्हरमाँट राज्यात डोंगर-तळ्यांच्या मुलखात मुक्कामाला जायचं. तिथेच तिला बिल विल्सन भेटला. तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, गावाकडचा, परिस्थिती बेताची. पण बुद्धिमान आणि स्वप्नाळू. पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि बिल लष्करात होता. तो युरोपला जाण्याआधी २४ जानेवारी १९१८ रोजी दोघांचं लग्न झालं. आदल्याच वर्षी लष्करी छावणीत असताना एका पार्टीत त्यानं पहिला प्याला घेतला होता. लाजाळू पोराला एकदम मोकळं मोकळं वाटलं. सुरुवात ही अशीच होते, नाही का?

युद्धावरून बिल परत आला आणि पिणं वाढत गेलं. लोइसला वाटलं, माझं प्रेम आहे ना, मी याला सोडवीन. त्यातच तिच्यावर मोठा आघात झाला. तीन वेळा दिवस गेले, तिन्ही वेळा गर्भ गर्भाशयाबाहेर राहिला. मूल होणं कायमचं संपलं. दत्तक घ्यायचा प्रयत्न केला, तोही फळाला आला नाही. मग तिनं सगळी माया, सगळी ताकद नवऱ्याला सुधारण्यावर लावली.

१९२५ मध्ये दोघं नोकऱ्या सोडून साइडकार लावलेल्या मोटारसायकलवरून फिरतीला निघाली. बिलला शेअर बाजारासाठी निरनिराळ्या कंपन्यांची माहिती गोळा करायची होती. लोइसच्या मनात मात्र वेगळंच होतं. याला शहरातल्या दोस्तांपासून आणि बाटलीपासून लांब न्यायचं! तंबूत राहिली, चुलीवर रांधलं. त्या कामातून बिलला पुढे पैसा भरपूर मिळाला. पण पैसा आला तशी दारूही वाढली. घरच्या बायबलमध्ये तो बायकोला वचन लिहून द्यायचा की आता यापुढे थेंबही घेणार नाही. एकदा नाही, अनेकदा लिहिलं. आपल्याकडे नाही का, कुणी पंढरपूरची माळ घालतं, कुणी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतं. त्या क्षणी ती खरीच असते हो! पण आजाराला शपथ कळत नाही.

१९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, त्यात बिल बुडाला. दोघं लोइसच्या माहेरच्या घरी, ब्रुकलिनच्या क्लिंटन स्ट्रीटवर राहायला आली. डॉक्टरची लेक एका मोठ्या दुकानात नोकरीला लागली. दिवसभर उभं राहून काम करायचं आणि संध्याकाळी घरी जाताना पोटात गोळा, आज घरात काय वाढून ठेवलंय? १९३३-३४ मध्ये बिलला न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलात पुन्हा पुन्हा दाखल करावं लागलं. तिथले डॉक्टर सिल्कवर्थ हे दारूचं व्यसन हा आजार आहे असं मानणारे होते. १९३४ मध्ये त्यांनी लोइसला स्पष्ट कल्पना दिली. हे असंच चाललं तर नवरा मरेल, नाहीतर त्याच्या डोक्यावर परिणाम होऊन त्याला कायमचं कोंडून ठेवावं लागेल.

हे वाचलं की मला माझी मावशी आठवते. आमच्या काकांना सणावाराला नेहमी पित्त व्हायचं. लग्नाला आले नाहीत, पित्त झालं. बारशाला जेवणाआधी उठून गेले, पित्त झालं. आम्हा मुलांना खरंच वाटायचं की काकांना पित्ताचा फार त्रास आहे. मावशीनं आयुष्यभर मूठ झाकून ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं, पण तिच्या मुठीत काय होतं ते तिच्या सख्ख्या बहिणीलाही, म्हणजे माझ्या आईलासुद्धा, शेवटपर्यंत तिच्या तोंडून कळलं नाही. मावशी गेली तेव्हा आईला एकच दुःख होतं, एकदा तरी बोलली असती!

असो. लोइसच्या घरी १९३४ च्या नोव्हेंबरात बिलचा एक जुना दारूबाज मित्र आला. तो चक्क दारू सोडून आला होता! ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या धार्मिक मंडळींच्या संगतीत तो सावरला होता. डिसेंबरमध्ये बिल पुन्हा हॉस्पिटलात गेला आणि तिथे त्याला एक विलक्षण आध्यात्मिक अनुभव आला. ११ डिसेंबर १९३४ नंतर त्यानं दारूला स्पर्श केला नाही.

पुढच्या मे महिन्यात कामासाठी तो ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. काम फसलं. खिसा रिकामा, मन उदास, हॉटेलच्या एका बाजूला बार भरलेला. आत जावं की नाही? अशा वेळी त्यानं टेलिफोन गाठला. भिंतीवरच्या यादीतून चर्चचे नंबर काढून एकामागून एक फोन केले. त्याला मदत देणारा कुणी मोठा माणूस नको होता, त्याला बोलायला दुसरा दारुडा हवा होता! अशा शोधातून १२ मे १९३५ ला त्याची डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. डॉक्टर बॉब स्वतः सर्जन आणि स्वतःच व्यसनी. पंधरा मिनिटं बोलू म्हणून बसलेले दोघं काही तास बोलत राहिले. डॉक्टर बॉबनी १० जून १९३५ ला शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापना दिवस मानला जातो. बघा, पहिली मीटिंगसुद्धा शोधावीच लागली होती. दहा ठिकाणी फोन फिरवून!

आता तुम्हाला वाटेल, चला, नवरा सुधारला, लोइसची गोष्ट संपली. पण खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

क्लिंटन स्ट्रीटच्या घरी दर मंगळवारी मीटिंग भरू लागली. दारू सोडू पाहणारे पुरुष घरातच राहायला येऊ लागले. लोइस दिवसभर नोकरी करायची आणि घरी येऊन या सगळ्यांचं बघायची. नवरा शुद्धीवर होता, पण घरी नव्हताच. आधी बाटलीमागे धावायचा, आता मीटिंगमागे. एके दिवशी त्यानं तिला मीटिंगला निघायला उशीर होतोय म्हणून घाई केली आणि शांत, समंजस लोइसनं पायातला बूट काढून त्याच्या दिशेनं भिरकावला! त्याच्या त्या मीटिंगांचा उद्धार केला तो वेगळाच.

बूट फेकून झाल्यावर ती स्वतःच चक्रावली. इतका राग कशाचा? नवरा तर पीत नव्हता! विचार करता करता तिच्या लक्षात आलं की सतरा वर्षं जिवाचं रान करून जे आपल्याला जमलं नाही, ते चार परक्या माणसांनी काही दिवसांत केलं, हे आपल्याला सलतंय. आणि त्याहून मोठी गोष्ट, नवऱ्याला सांभाळण्यात आपण स्वतःला कुठे तरी हरवून बसलोय. तो आजारी होता, पण त्याच्यासोबत राहून राहून आपणही आजारी झालोय. त्याच्यासाठी जी पावलं सांगितली आहेत, ती आपल्यालाही चालायला हवीत. मैत्रिणींनो, हे कबूल करायला केवढं धाडस लागतं!

तिचे कष्ट काही लगेच संपले नाहीत. १९३९ च्या एप्रिलमध्ये कर्जापायी क्लिंटन स्ट्रीटचं घर गेलं. सुमारे दोन वर्षं दोघं ओळखीपाळखीच्यांकडे, पन्नासहून जास्त ठिकाणी बिऱ्हाड हलवत राहिली. त्याच वर्षी एएचं पुस्तक निघालं. त्यात बायकांसाठी एक प्रकरण होतं. लोइसला वाटलं होतं, ते आपणच लिहू. पण तेही बिलनंच लिहिलं! ते तिला लागलं. बायकांच्या मनातलंही पुरुषानंच लिहायचं, हा अनुभव आपल्यापैकी कितीजणींना नवा आहे?

१९४१ मध्ये न्यूयॉर्कजवळ बेडफर्ड हिल्सला त्यांना हक्काचं घर मिळालं. त्याचं नाव स्टेपिंग स्टोन्स. एए वाढत होती. पुरुष आत मीटिंगला बसायचे आणि बायका स्वयंपाकघरात कॉफी करायच्या, केक कापायच्या, नाहीतर बाहेर गाडीत बसून वाट बघायच्या. वाट बघता बघता त्या एकमेकींशी बोलू लागल्या. तुझ्याकडे पण असंच होतं का? मग ठिकठिकाणी त्यांचेही छोटे गट तयार झाले. बिलनं देशभर फिरताना ते पाहिले आणि लोइसला सुचवलं की या गटांना एकत्र आण.

१९५१ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, लोइसनं हे काम अंगावर घेतलं. ज्या वयात आपण नातवंडं आणि गुडघे यापलीकडे बघत नाही, त्या वयात! सोबतीला अ‍ॅन नावाची मैत्रीण. दोघींनी अशा ८७ गटांना पत्रं धाडली, ५६ गटांकडून होकार आला. त्यातून अल-अ‍ॅनॉन ही व्यसनी माणसांच्या घरच्यांची संघटना उभी राहिली. एएची बारा पावलं त्यांनी जवळजवळ तशीच घेतली, बाराव्या पावलात तेवढा एक शब्द बदलला. हा संदेश दारुड्यांपर्यंत पोचवा असं होतं, तिथे इतरांपर्यंत पोचवा असं केलं. एकच शब्द, पण त्या एका शब्दानं पायरीवर बसलेल्या बाईला आत खुर्ची मिळाली. १९५७ मध्ये अशा घरांतल्या किशोरवयीन मुलांसाठी अ‍ॅलाटीन सुरू झालं.

बिल ३६ वर्षं दारूशिवाय जगला. सिगारेटनं मात्र त्याची फुप्फुसं खाल्ली. २४ जानेवारी १९७१ रोजी, नेमका लग्नाच्या ५३ व्या वाढदिवशी तो गेला. लोइस त्यानंतर सतरा वर्षं काम करत राहिली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तिनं आठवणींचं पुस्तक काढलं आणि ५ ऑक्टोबर १९८८ रोजी ९७ व्या वर्षी जगाचा निरोप घेतला. तिला मूल नव्हतं. पण आज शंभराहून अधिक देशांत तिच्यामुळे बायका एकत्र बसून बोलतात.

आपल्या देशात एए १९५७ मध्ये आली. महाराष्ट्रात मराठीतून मीटिंग होतात, घरच्यांच्या अल-अ‍ॅनॉन मीटिंगही आहेत. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनी रुग्णांच्या पत्नींसाठी सहचरी हा गट चालतो.

मग आपल्याला साजेशी मीटिंग शोधायची कशी? मी या वर्षभरात जे शिकले ते सांगते. आधी विचारायचं की मीटिंग खुली आहे की बंद. खुल्या मीटिंगला कुणीही जाऊन ऐकू शकतं, बंद मीटिंग ज्याची त्याच्यासाठी असते. एएची बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची, अल-अ‍ॅनॉनची घरच्यांची. फी नसते. शेवटी डबा फिरतो, द्यायचे तर द्या. आडनाव, जात, नवऱ्याची नोकरी कुणी विचारत नाही आणि तिथलं बोलणं बाहेर जात नाही. आपल्या गावात ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती वाटली तर शेजारच्या तालुक्याची मीटिंग बघा. एका मीटिंगवरून ठरवू नका. निदान सहा मीटिंग बघा, असं अल-अ‍ॅनॉनवालेच सांगतात. एक गट नाही पटला तर दुसरा. आपण साडी घेताना चार दुकानं पालथी घालतो, मग इथेच का अवघडायचं? पत्ता सापडत नसेल तर केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.

दोन गोष्टी मात्र मीटिंगवर सोडायच्या नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं काहीही होऊन जिवावर बेतू शकतं. त्यासाठी आधी डॉक्टर. आणि घरात मारहाण होत असेल तर सहन करत मीटिंगची वाट बघायची नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा आपल्यासाठीच आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, १८१ ला फोन करा.

त्या बाईसाठी मी घरच्यांची मीटिंग शोधली. शेजारच्या तालुक्यात, एस.टी.नं पाऊण तास. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. तिला ती अजिबात आवडली नाही. सगळ्या वयस्क बायका, ही एकटीच तरुण. परत येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, संपलं. पण दोन आठवड्यांनी तिचाच फोन आला. जिल्ह्याच्या गावी रविवारी दुसरी मीटिंग असते असं तिला तिथल्याच एका आजींनी सांगितलं होतं. तिथे ती आता महिन्यातून दोनदा जाते.

नवरा अजून पितो. कधी आठवडाभर थांबतो, परत सुरू करतो. खोटं कशाला सांगू? पण ती आता त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवत नाही आणि शेजारणीला त्याला ताप आलाय असंही सांगत नाही. शिवणाचा क्लास पुन्हा लावलाय. मुलगी दहावीला आहे, तिच्याशी या विषयावर पहिल्यांदाच मोकळं बोलली, असं परवा सांगत होती.

माझ्या वहीत आता प्रत्येक गावापुढे दोन पत्ते आहेत. एक त्याचा, एक तिचा. कुणी दारात उभी राहून नवऱ्यासाठी पत्ता विचारला, तर मी आधी खुर्ची पुढे करते आणि दुसरा पत्ता पहिल्यांदा लिहिते.